मेरूच्या दक्षिणेला सोनई

सोनईला मी पहिल्यांदा आले तेव्हा मथूबाईंनी मला नाव विचारलं नाही. घोडेगावापर्यंत सर्व्हिस मोटर आणि तिथून पुढे बैलगाडी, असा प्रवास करून मी शाळेच्या दारात उतरले होते. धुळीने नाकतोंड भरलं होतं. ट्रंक खाली ठेवून पदराने तोंड पुसत होते, तेवढ्यात त्या ओसरीवरून खाली आल्या, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "संगमनेर कुठल्या अंगाला राहिलं तुझं?"

मी गोंधळले. अंदाजाने हात केला.

"अगं, तिकडे पाथर्डी," त्या म्हणाल्या. माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला अलगद वळवलं. समोर एक पडकी भिंत होती आणि भिंतीवर शेळी चढली होती. "हं. हे बघ, या शेळीच्या थेट पाठीमागे राहुरी, मग देवळाली, मग प्रवरेच्या काठाकाठाने गेलीस की तुझी आई. आता आत ये आणि पाणी पी."

युद्ध सुरू झालं होतं, पण अजून आमच्या भागात त्याची झळ म्हणावी तशी लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून आले होते. मुलींच्या त्या शाळेत आम्ही दोघीच बाया. मथूबाई वरचे वर्ग घेत, मी खालचे. राहायला शाळेमागच्या दोन खोल्या होत्या. एकीत त्या, एकीत मी, स्वयंपाक एकत्र.

मथूबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडापेराने मोठ्या, पुढे किंचित वाकून चालणाऱ्या. सदा एकाच वाणाचं तपकिरी लुगडं. दाढेखाली लवंग. त्यांच्या बोलण्यात डावं-उजवं हे शब्दच नव्हते. "उत्तरेकडच्या डब्यातला गूळ काढ," "तुझ्या पश्चिमेच्या कानातलं निसटलंय," असं त्या अगदी सहज म्हणत. सुरुवातीला मला हसू येई. पुढे सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आईला "पूर्वेची वाटी दे" म्हणाले, आणि घरातले सगळे माझ्याकडे बघत राहिले.

त्यांचे वडील नेवाशाचे पुराणिक. चातुर्मासात देवळात पुराण सांगायचं, हे त्या घराण्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. मथूबाईंचं लग्न लहानपणी झालं आणि कुंकू लहानपणीच गेलं. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य ठरलेलं असे. पण या पुराणिकबुवांनी मुलीला पुण्याला पाठवून मास्तरीण केलं. लोकांनी नावं ठेवली. बुवा म्हणत, "मी पृथ्वीचं वर्णन सांगतो, ती पण पृथ्वीचंच सांगणार आहे. धंदा सोडला नाही आम्ही." मथूबाई हे सांगताना वडिलांसारखा आवाज काढत आणि स्वतःच हसत.

बुवा पृथ्वीचं वर्णन सांगत ते नुसतं तोंडाने नाही. त्यांच्याकडे एक पट होता.

तो पट मी पाहिला तो दिवाळीनंतर. चातुर्मास संपला की बुवांच्या माघारी पुराण सांगणारे मथूबाईंचे थोरले भाऊ दामूअण्णा तो सोनईला आणून ठेवत. त्यांचं नेवाशाचं घर नदीकाठी, तिथे ओल आणि वाळवी. मथूबाईंची खोली कोरडी. म्हणून पट आठ महिने बहिणीकडे आणि चार महिने भावाकडे, असा राही. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मथूबाईंनी ओसरी झाडून घेतली, सतरंजी अंथरली आणि वेळूच्या दांडीला गुंडाळलेलं ते जाड कापड हळूहळू उलगडत नेलं. ओसरी संपली तरी कापड संपेना. शेवटचा भाग त्यांनी भिंतीवर चढवला.

मी आयुष्यात पुष्कळ नकाशे पाहिले. त्या दिवशी वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

मधोमध मेरू, सोन्याचा, कमळाच्या गाभ्यासारखा वर फुललेला. त्याच्याभोवती जंबुद्वीप. त्याला वेढून खाऱ्या पाण्याचा समुद्र, त्यापुढे दुसरं द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, मग मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, आणि सर्वांत बाहेर गोड्या पाण्याचा. प्रत्येक समुद्राचा रंग वेगळा, प्रत्येकाच्या लाटा वेगळ्या. दह्याच्या समुद्राला लाटाच नव्हत्या, नुसत्या कवड्या. त्या सगळ्याच्या पलीकडे एक डोंगर, त्याची आतली बाजू उजेडात आणि बाहेरची काळोखात. पुढे काही नाही. नुसतं कोरं कापड. त्या कोऱ्या कापडाकडे बघताना मला खरोखर भीती वाटली.

"आता आपलं घर बघ," मथूबाई म्हणाल्या.

मेरूच्या दक्षिणेला, हिमालयाच्या खाली, धनुष्यासारखं वाकलेलं भारतवर्ष. आणि त्यात गंगेएवढी जाड प्रवरा! नेवासं तर काशीहून मोठं. तिथे मोहिनी अमृत वाढते आहे, देव-दानव पंक्तीला बसले आहेत. जरा पश्चिमेला राहूचं तुटलेलं डोकं पडलेलं, तीच आमची राहुरी. गोदावरीच्या काठी सोन्याचं हरीण बाण लागून कोसळलेलं, ते कायगाव. पार पश्चिमेला, प्रवरेच्या उगमाकडे, अगस्तीचा आश्रम. मी ज्या रस्त्याने मोटरने आले, तोच हा रस्ता होता. पण त्यावरून हरीण पळालं होतं.

"हे सगळं पुराणात आहे?" मी विचारलं.

"छे! पुराणात मेरू आहे. नेवासं आमच्या पणजोबांनी आणलं." त्यांनी बोट ठेवलं नाही. पटावर त्या कधी बोट ठेवत नसत, गव्हाची काडी धरत. "पणजोबा पायी काशीला गेले होते. आल्यावर हा पट केला. हे निळे ठिपके दिसतात? या विहिरी. जिथे पाणी गोड लागलं तिथे निळा, खारट लागलं तिथे काळा. ही होडी काढलीय तिथे नदी ओलांडायला खरंच उतार आहे. पोस्टातल्या माणसांना, भिक्षुकांना, बैल विकायला जाणाऱ्यांना विचारून विचारून मी पाहिलंय. त्या विहिरींना अजून पाणी आहे."

मग काडी नर्मदेपलीकडच्या एका जंगलावर थांबली. तिथे हिरव्या झाडीत एक राक्षस तोंड वासून बसला होता.

"इथे जाऊन आलेले सांगतात, हिवताप फार. पावसाळ्यात गेलेलं माणूस परत येत नाही."

"म्हणजे राक्षस म्हणजे हिवताप," मी ट्रेनिंग कॉलेजच्या ऐटीत म्हणाले.

"असं नको म्हणू," त्या शांतपणे म्हणाल्या. "पणजोबांचा धाकटा भाऊ तिथे राहिला. भाऊ खाल्लेल्या जागेवर ते काय काढतील?"

वर्गात मात्र मथूबाई सरकारी नकाशा शिकवत, आणि उत्तम शिकवत. त्यांच्या मुली परीक्षेत कधी अडत नसत. पण वर्षातून एकदा त्या पट आणून सरकारी नकाशाशेजारी टांगत आणि मुलींना नुसत्या बघू देत. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, यातला खरा कोनचा?"

मथूबाई तिला घेऊन अंगणात गेल्या. आम्ही सगळ्या मागे. "चिंचेवर चढ," त्या म्हणाल्या. पोरगी खारीसारखी वर गेली. "शाळा कशी दिसते?"

"कौलं दिसत्यात, बाई. चौकोनी."

"आता खाली ये. शाळा कशी दिसते?"

"दार दिसतं. फळा दिसतो. तुमी दिसता."

"शाळा बदलली का?"

मुलगी विचारात पडली. मथूबाईंनी घंटा द्यायला सांगितली. मुलगी जिथे उभी होती तिथेच उभी राहिली होती, एकदा झाडाकडे बघत, एकदा दाराकडे.

नगरच्या मिशनमधल्या एक वयस्क मडमबाई खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या शाळा बघत फिरत. मराठी चांगलं बोलत. त्यांनी पट पाहिला, दोन तास पाहिला. पुढच्या खेपेला येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि त्यातलं एक पान उघडून मथूबाईंपुढे धरलं. युरोपातला शेकडो वर्षांपूर्वीचा नकाशा होता तो. गोल. मधोमध त्यांचं पवित्र शहर. वरच्या बाजूला उत्तर नव्हतीच, पूर्व होती. आणि अगदी वर, पूर्वेच्या टोकाला, एक बाग. बागेत एक पुरुष, एक बाई, झाड आणि साप.

"हा आमचा स्वर्ग," मडमबाई हसत म्हणाल्या. "त्यांना वाटायचं, चालत गेलं तर सापडेल. हिंदुस्थानाच्या थोडं पुढे."

मथूबाई वाकून बघत होत्या. त्यांनी मला हाक मारली. "सुमन, नद्या बघ. बागेतून निघालेल्या नद्या मोज."

चार होत्या.

मथूबाई उठल्या आणि त्यांनी पट उलगडला. मेरूवरून खाली उतरणाऱ्या नद्या, चार दिशांना चार. मडमबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक कुठल्या तरी थंड देशातल्या मठात बसून काढलेला, एक नेवाशात. काढणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नाही. आणि दोघांनाही वाटलं होतं की पृथ्वीच्या मुळाशी एक जागा असली पाहिजे, तिथून पाणी चारी दिशांना सगळ्यांकडे जातं. मथूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्या दिवशी त्यांनी मडमबाईंना जेवू घातलं, तेही आपल्या शेजारी पाट मांडून. गावात त्यावर बोलणं झालं. मथूबाईंच्या ते कानावरसुद्धा आलं नसावं, इतक्या त्या त्या चार नद्यांत बुडाल्या होत्या.

मग युद्ध आमच्यापर्यंत आलं.

आसपासच्या गावांतली पुष्कळ पोरं पलटणीत गेली होती. त्यांची पत्रं येत, पण पत्रात गावाचं नाव नसे. नाव लिहिलेलं असलंच तर सरकारने काळं केलेलं असे. आया पत्र वाचून घ्यायला मथूबाईंकडे येत. "खुशाल आहे," एवढं कळे. कुठे खुशाल आहे, ते कळत नसे.

ठकूबाई त्यांतलीच. ओढ्यापलीकडे तिची थोडी जमीन, नवरा नव्हता, नामदेव नावाचा एकुलता एक मुलगा. तो पलटणीत गेला आणि एका हिवाळ्यात त्याच्याविषयी तार आली. इटलीत, लढाईत पडला. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं. दिरांनी प्रवरेवर जाऊन विधी केले. गावाने आठ-दहा दिवस तिच्या दारी जा-ये केली आणि मग सुगीला लागलं.

त्यानंतर एका सकाळी ठकूबाई शाळेत आली. रडत नव्हती. दाराशीच बसली आणि म्हणाली, "मास्तरीनबाई, इटली कुनीकडं हाय?"

मथूबाईंनी तिला हाताला धरून वर्गात आणलं, भिंतीवरच्या सरकारी नकाशापुढे उभं केलं. समुद्रात उतरलेल्या पायासारखा तो देश दाखवला.

ठकूबाईने बराच वेळ बघितलं. "यात सोनई कुठंय?"

"सोनई यात नाही. फार लहान आहे ना. इथे कुठेतरी येईल."

"नेवासं?"

"नाही."

"मंग ह्यो कसला नकाशा? मी न्हाई, माझं गाव न्हाई, अन् पोरगा तेवढा हाय?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बाई, सांजच्याला मी त्याला हाक मारती. लहान हुता तवा वढ्यावरून बोलवायची, तशी. येत न्हाई ते मला ठावं हाय. पर कुनीकडं त्वांड करून मारू? रोज येगळ्या अंगाला मारती. एखादी तरी बरोबर जात आसंल का?"



"तुमच्या बापाच्या पटात समदं हाय," ठकूबाई म्हणाली. "आमी दरसाल ऐकायला जातो. त्यात मेरू हाय, नेवासं हाय. त्यात दावा."

मथूबाईंनी तिचा हात धरला. तिला घेऊन त्या अंगणात गेल्या आणि वायव्येकडे तोंड करून उभं केलं. "इकडे. रोज इकडेच मार." मग ठकूबाई गेली.

पुढचे काही दिवस मथूबाई शाळा सुटली की पट उलगडून बसायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. त्या पटावर पणजोबांनंतर कोणाचा हात चालला नव्हता. वडिलांनी उडालेले रंग भरले होते, पण नवी रेघ एकही नाही. आणि बाईने तर पुराणाच्या पटाला कुंचला लावणं, ही कल्पनाही कोणाला शिवली नसती. दामूअण्णा काय म्हणतील, हे मला न सांगता कळत होतं. पट त्यांचा होता. ते त्यांचं पोट होतं.

एका रविवारी सकाळी त्यांनी काजळ खललं, नीळ भिजवली, तांबडा हिंगूळ काढला, डिंकाचं पाणी केलं. मेरूच्या पश्चिमेला केतुमाल नावाचं वर्ष, म्हणजे पुराणातला प्रदेश, आहे. तिथे आजवर दोन-चार डोंगर आणि उडते गंधर्व एवढंच होतं. त्याच्या काठाशी, खाऱ्या समुद्राला लागून, मथूबाईंनी एक लांबुळका देश काढला. त्यात डोंगर काढले. एक नदी काढली. एक झाड, आणि झाडाखाली निळा ठिपका. खाली बारीक अक्षरात लिहिलं: इटली. मग सोनईचं नाव लिहिलं. तेही पटात आजवर नव्हतं. काम झाल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या आणि थंडी वाजल्यासारख्या कापू लागल्या. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली.

ठकूबाईला बोलावलं. मथूबाईंनी तिच्या हातात गव्हाची काडी दिली आणि तिचा हात धरून सोनईपासून नेला. नगर, मुंबई, तिथून आगबोट, खारा समुद्र, आणि तो देश.

"ह्यो निळा ठिपका?"

"पाणी."

"ग्वाड?"

"गोड."

"बरं झालं," ठकूबाई म्हणाली. आणि तार आल्यापासून जी बाई रडली नव्हती ती तिथे ओसरीवर, पटावर पाणी पडू नये म्हणून मान वळवून, मोठ्याने रडली.

आषाढात दामूअण्णा पट न्यायला आले. बुटके, गोरे, अत्यंत सोवळे गृहस्थ. पट तपासून घेण्याची त्यांची पद्धत होती. त्यांनी तो उलगडला आणि पश्चिमेला येऊन थांबले.

"मथे, हे कोणी केलं?"

"मी."

"पणजोबांच्या हातावर हात चालवलास?"

"हो, अण्णा."

"पुराणात इटली आहे कुठे? लोक विचारतील तर मी काय सांगू?"

"नेवासं तरी पुराणातल्या मेरूजवळ कुठे आहे, अण्णा? पणजोबांनीच काढलं ना?"

"ते काशीला जाऊन आलेले होते. तू कुठे गेली आहेस?"

दामूअण्णांनी पट गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि पाण्यालाही न थांबता निघून गेले. ते वळणावर दिसेनासे झाले तरी मथूबाई दारातच उभ्या होत्या. "आता पट परत यायचा नाही," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, आयुष्यात त्यांच्याकडे आपलं असं तेवढंच होतं.

पृथ्वीवर्णनाचा अध्याय श्रावणात येई. त्या दुपारी नेवाशाला ऐकायला आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून लोक जात. मथूबाई नको म्हणत होत्या, मीच त्यांना नेलं. सभामंडप भरला होता. पट दोन खांबांच्या मध्ये टांगलेला. दामूअण्णा छडी घेऊन उभे होते. आम्ही बायकांच्या बाजूला, मागे बसलो.

दामूअण्णांचा आवाज फार सुंदर होता. मेरूपासून त्यांनी सुरुवात केली. पूर्वेचं वर्ष सांगितलं, दक्षिणेचं सांगितलं, प्रवरेचं नाव आलं तशी सगळ्यांनी हात जोडले. मग छडी पश्चिमेला वळली. केतुमाल आलं. डोंगर आले, गंधर्व आले, आणि छडी त्या लांबुळक्या देशावरून, तिथे काही नसल्यासारखी, पुढे सरकली.

बायकांतून ठकूबाई उभी राहिली.

"बुवा, माझा नामदेव ऱ्हायला."

कोणीतरी "ए, खाली बस," म्हणालं. ती बसली नाही. तिने भांडणाचा सूर लावला नव्हता. वाढताना कोणाचं पान चुकलं तर सांगावं, तसं तिने सांगितलं होतं.

दामूअण्णांची छडी हवेत थांबली. ते तिच्याकडे बघत होते. मी मथूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

छडी हळूहळू मागे आली आणि त्या निळ्या ठिपक्यावर टेकली. दामूअण्णांनी घसा साफ केला आणि त्याच आवाजात, त्याच संथ लयीत ते म्हणाले, "केतुमाल वर्षात, लवणसमुद्राच्या तीरी, इटली नावाचा देश आहे. तेथे पर्वत आहेत, गोड पाण्याची नदी आहे. तेथे सोनईचा नामदेव आहे." मग छडी काखेत घेऊन त्यांनी पटाला हात जोडले. सगळ्या मंडपाने जोडले.

मागच्या बाजूने एक बाई उठली. "बुवा, आमचा ब्रह्मदेशात हाय. जित्ता हाय, पर घ्या की त्याला."

"आमचा मिसर देशात," दुसरी.

"आमच्या तुकाचा ठावच न्हाई. कुठं बी ठिवा, पर ठिवा."

एकेक करून उठत गेल्या. काही पुरुषही उठले. दामूअण्णांना ते सगळं आवरेना. त्यांनी बायकांच्या गर्दीत नजर फिरवली आणि सगळ्या लोकांसमोर हाक मारली, "मथे, रंग आणलेस का?"

मथूबाई उठल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"उद्या आण," दामूअण्णा म्हणाले. "आणि लवकर ये. पुष्कळ आहेत."

त्या चातुर्मासात मथूबाई दर सुट्टीला नेवाशाला जात. पट भरत गेला. युद्ध संपल्यावर परत आलेले शिपाई आपली जागा बघायला येऊ लागले. वाळवंटातून आलेला एकजण म्हणाला, "बाई, हितं झाड काढलंय तुमी. झाड न्हाई तिथं. नुसती रेती, डोळं फुटाय्‌वानी." मथूबाईंनी त्याच्यासमोर झाड खोडलं आणि रेतीचे ठिपके दिले. दुसऱ्याने इटलीत डोंगर आग ओकताना स्वतः पाहिला होता. रात्री आभाळ तांबडं व्हायचं आणि सकाळी राखेने तंबू भरलेला असायचा. मथूबाईंनी हिंगुळाने तो डोंगर काढला, शेंड्यावर ज्वाळा काढल्या. एका वर्षानंतर त्या पटापुढे उभं राहिलं की कोणता डोंगर पुराणातला आणि कोणता आमच्या तालुक्यातल्या शिपायाने डोळ्यांनी पाहिलेला, हे मलासुद्धा सांगता येईना. मग माझ्या मनात आलं, पणजोबांच्या वेळीही असंच झालं असणार. आणि त्यांच्याआधी, मेरू पहिल्यांदा कोणी सांगितला तेव्हाही, कुणीतरी कुठून तरी परत आलं असणार, आणि ऐकणाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवला असणार.

मी हे मथूबाईंना बोलून दाखवलं. त्या कुंचला धूत होत्या. "परत न आलेलेही असतील गं," म्हणाल्या.

माझं लग्न ठरलं आणि स्वातंत्र्यानंतरच्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडली. आदल्या दिवशी मथूबाईंनी माझी ओटी भरवून घेतली, शेजारणीकडून, कारण स्वतः भरणं रीतीत बसत नव्हतं. निरोप वगैरे काही दिला नाही. "उद्या सकाळी मी मुलींना घेऊन बाहेर असेन," एवढंच सांगितलं. मला जरा लागलं.

त्या दिवसांत मुलींकडून त्यांनी गावाचा नकाशा करायला घेतला होता. मुली घरोघरी जाऊन विचारत आणि जमिनीवर रेघोट्या मारत. पहिल्याच दिवशी भांडण झालं होतं. पडक्या विहिरीत हडळ आहे, ती नकाशात घ्यायची की नाही. मथूबाई म्हणाल्या होत्या, "कोणाला दिसली, कधी दिसली, विचारून या. मग बघू."

माझी गाडी गावाबाहेर पडली तेव्हा ऊन वर आलं होतं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मला त्या दिसल्या. वाळूत गुडघ्यांवर बसल्या होत्या, लुगडं धुळीने माखलेलं. वाळूत सगळं सोनई पसरलेलं होतं. खड्यांची घरं, काटक्यांचे रस्ते, पाल्याची शेतं. समोर एक म्हातारा धनगर घोंगडी टाकून उकिडवा बसला होता आणि काठीने वाळूतल्या पडक्या विहिरीजवळ काहीतरी दाखवत होता. मुली त्या दोघांभोवती दाटीने वाकल्या होत्या.

गाडीवानाने बैल थांबवले. एका मुलीने मला पाहिलं. ती ओरडली, "बाई, सुमनबाई चालल्या!"

मथूबाईंनी मान वर केली नाही. म्हातारा बोलत होता आणि त्याचं एकही अक्षर त्यांना सोडायचं नव्हतं. त्यांनी फक्त हात वर केला, तळवा उघडा, आणि तसाच हवेत धरला.

तो मला निरोप होता, की मुलींना गप्प राहायची खूण, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी गाडीतून हात जोडले. गाडीवानाने बैलांना हाकारलं.